तिसऱ्या अक्षराची शेपटी

तिबिलिसीत पहिल्याच दिवशी
गुरामने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं
आणि म्हणाला, मामा.
मी मनातल्या मनात त्याच्या आईला
एक भाऊ देऊन टाकला.
इथं मामा म्हणजे बाप, हे आठवड्याने कळलं.

हो म्हणजे मात्र हो.
एवढा एक शब्द फुकट मिळाला
आणि फुकटचा म्हणून मी तो उधळला.
जेवलीस? हो.
थंडी वाजते? हो.
ही फाईल तूच उडवलीस? हो.
(नव्हती उडवली.)

एतेरी प्रुफं तपासते. सत्तरीची, चष्मा नाडीला बांधलेला.
ती सारखी कुणाबद्दल तरी बोलायची: इस.
इस म्हणजे तो, इस म्हणजे ती, इस म्हणजे तेही.
माझ्या भाषेत चमचासुद्धा पुरुष,
सुरी बाई, भांडं दोन्हीतलं नाही,
आणि इथं सगळ्यांना एकच कोट.
कोण खोकतं रात्री? ती खोकून दाखवायची.
कुणाला तेल चोळावं लागतं?
कोण जाणार आहे मार्चमध्ये, कायमचं?
नवरा असावा, असं धरून मी तीन आठवडे
तिच्यासाठी दार उघडून धरलं, चहा आणला.
मग नुत्साने तळघरात नेऊन दाखवलं
छपाईचं यंत्र.
भंगारवाल्याशी बोलणं झालेलं.
जमा झालेली हळहळ परत कुठे नेणार?
तिथंच ठेवली, शाईच्या डब्याशेजारी.

मला काम मिळालं पाटीचं,
उतारावरच्या वाझाच्या भट्टीसाठी. शब्द एकच: पुरी.
म्हणजे पाव, हातभर लांब, टोकांना निमुळता,
मातीच्या रांजणाला आतून थापून भाजलेला.
तळणीशी काही संबंध नाही.
आमच्याकडे दोन अक्षरांत भागतं, इथं चार लागतात,
आणि वर रेघ नाही.
माझ्या हाताला सवय दोरीची,
आधी दोरी बांधायची, मग अक्षरं वाळत घालायची.
ही अक्षरं आपापल्या पोटावर बसतात,
शेजारचीला न धरता.
अठरा वेळा काढली. एकोणिसाव्या खेपेला
गुराम म्हणाला, कार्गी. छान.
नुत्साही छान म्हणाली.

एतेरी काहीच म्हणाली नाही.
पेन्सिल घेतली, आणि तिसऱ्या अक्षराची शेपटी,
जी मी खाली जमिनीत ओढली होती,
ती उचलून वर नेली.
गुरामला दिसलं नव्हतं, कारण त्याला वाचता येतं.
वाचणारा शब्दावरून चालत जातो,
खाली बघत नाही.
मला दिसलं नव्हतं, कारण मला येतच नाही.
मध्ये कुठेतरी ही बाई
चाळीस वर्षं उभी आहे.

मग तिने कागद माझ्याकडे सरकवला: तू.
मी आडनाव लिहिलं. पिंगळे.
तिच्याकडे ळ नाही. पिंगले, पिंगले,
दोनतीनदा म्हणून बघितलं, सोडून दिलं.
पण त्या ळवर तिची नजर अडली.
चष्मा वर. चष्मा खाली.
डाव्या पोटावर पेन्सिलीचं टोक टेकवलं
आणि बारीकसं तोंड वाकडं केलं.

बघितलं तर खरंच.
डावं पोट आत बसलेलं, उजवं फुगलेलं.
पहिलीपासून असाच काढत आले असणार,
चेकवर, हजेरीपटावर, पासपोर्टच्या अर्जावर,
वाचणाऱ्यांच्या देशात.
मी पुन्हा काढला. आरा, म्हणाली. नाही.
पुन्हा. आरा.
खाली यंत्र गप्प होतं, किंवा होता, किंवा होती.

पाटी लागली फेब्रुवारीत.
सकाळी भट्टीच्या खिडकीशी गेले, एक बोट दाखवलं.
वाझा रांजणात अर्धा वाकला होता,
तिथूनच काहीतरी विचारलं, लांबलचक.
मी म्हटलं, हो.

त्याने दोन दिल्या.
वर्तमानपत्रातून चटका बसत होता.
एक काखेत, एक छातीशी,
चढ चढून वर गेले.
एतेरीने दार उघडलं, दोन्हींकडे बघितलं
आणि त्यातली कमी भाजलेली
बरोबर शोधून काढली.